पालांकाचं पत्र

रविवारी दुपारच्या जेवणाला माणसं पाच होती आणि स्वयंपाक पंधरा जणांचा. रोदिंगचं सगळंच असं असतं. मोठ्या पातेल्यात तुरीचे दाणे, कोवळा फणस आणि डुकराचं मटण रटरटत होतं, अंगणात कोंबडी निखाऱ्यावर होती, आणि तो स्वतः हातात फडकं घेऊन सकाळपासून एकच टेबल पुसत होता.

"तातय, शर्ट बदला ना. तुमच्या लेकी मठातल्या शिबिराहून येतायत."

"शिबिराहून येतायत की स्वर्गातून?" त्याचा म्हातारा बाप इस्लाव खुर्चीतून हलला नाही. "त्यांनी मला बनियनवर पाहिलंय."

"आज जेवताना लुझ सगळ्यांसमोर आपलं वाक्य वाचणार आहे. आपण कशासाठी जगतो, त्याचं. सिस्टर आम्पारो प्रत्येकाकडून एक कार्ड लिहून घेतात."

"एवढ्याला तीन दिवस लागतात? मला एक्याऐंशी वर्षांत कुणी विचारलंसुद्धा नाही. नाहीतर मीही त्या गिमारास बेटावर जाऊन तीन दिवस आयतं खाऊन आलो असतो."

कोपऱ्यात ताटं मांडणारी जोवी हसली. रोदिंग हसला नाही. त्याच्या खिशात दुबईच्या एजन्सीचा करार होता, चार घड्या घातलेला. तिथल्या एका म्हाताऱ्या बाईला सांभाळायला अनुभवी माणूस हवं होतं आणि सोमवारपर्यंत सही हवी होती. लुझ हाँगकाँगहून परत येऊन पाच महिने झाले होते. तिथे तिने जिला एकोणीस वर्षं सांभाळलं ती म्हातारी जानेवारीत गेली, आणि लुझ दोन बॅगा घेऊन मियागावच्या घरी आली, तेव्हापासून ओसरीत बसून होती. पुढे काय म्हटलं की "बघू" म्हणायची. हे "बघू" रोदिंगला सोसवेना. त्याचा मुलगा बोटीवरच्या नोकरीचं शिकत होता, आणि ते शिक्षण आत्याच्याच जिवावर चाललं होतं. तेव्हा त्यानेच शिबिराचा फॉर्म आणला. शिबिरात बसून आत डोकावलं की लुझला कळेल की तिचा जन्म या कुटुंबासाठी आहे, आणि एकदा हे कळलं की सहीला किती वेळ लागतो? लुझ एकटी जायला तयार होईना, म्हणून धाकट्या निल्दालाही हातमागावरून उठवून बरोबर धाडलं. रोदिंग वाईट माणूस नव्हे. दुसऱ्याचं भलं कशात आहे हे त्याला जरा लवकर कळतं, इतकंच.

दारात ट्रायसिकल रिक्षा थांबली.

दोघी उतरल्या आणि जोवी जागीच उभी राहिली. तिला नानयचा चेहरा बघायचा होता. नानय म्हणजे निल्दा. जोवी चार वर्षांची असताना लुझ तिला या धाकट्या बहिणीच्या ओटीत घालून गेली, आणि ज्या बाईला पोरगी नानय म्हणाली ती निल्दाच. लुझ होती मम्मी. मम्मी फोनमध्ये असायची, दर रविवारी, आणि दोन वर्षांतून एकदा खरी.

शिबिराला जाणाऱ्याच्या घरच्यांनी त्याला कळू न देता पत्रं लिहायची, ती आधीच मठात पोचवायची, आणि दुसऱ्या संध्याकाळी, माणूस स्वतःला खणून खणून दमला की, तपकिरी पाकिटातून ती त्याच्या हातात पडायची. याला आमच्याकडे पालांका म्हणतात. दगडालाही पाझर फुटेल अशी ती संध्याकाळ असते. जोवीने आयुष्यात पहिल्यांदा नानयला पत्र लिहिलं होतं, चार पानी. तेवीस वर्षांच्या शाळामास्तरणीला जे तोंडाने कधीच बोलता आलं नव्हतं ते सगळं त्यात होतं. नानय आता काय म्हणेल, या विचारात तिने सकाळपासून ताटं तीनदा मोजली होती.

तिने नमस्काराला नानयचा हात घेऊन कपाळाला लावला.

"बरं झालं का शिबिर?"

"झालं," निल्दा म्हणाली. "फणस करपतोय का बघते." आणि ती सरळ स्वयंपाकघरात गेली.

जोवीने मग लुझचा हात कपाळाला लावला, तर लुझने तो सोडलाच नाही. दोन्ही हातांत धरून ठेवला, आणि तिच्याकडे असं पाहिलं की जोवीला कुठे बघावं कळेना.

"मम्मी, ऊन लागलंय तुला. आत चल," ती म्हणाली आणि हात सोडवून घेतला.

निल्दाने फणस ढवळला. करपला नव्हता.

तिच्या पाकिटात तीन पत्रं निघाली होती. एक रोदिंगचं, छापील कार्ड विकत आणून खाली सही केलेलं. एक विणकर मंडळाच्या बायकांचं. एक तातयचं: "लवकर ये. शेळी खात नाही." पाकीट तिने उलटं करून झटकलंसुद्धा. मग तिचं लक्ष दोन खुर्च्या पलीकडे गेलं, आणि थोरल्या बहिणीच्या, मनांग लुझच्या मांडीवर तिला जोवीचं अक्षर दिसलं. पाकिटावर फक्त "जोवेलिन" एवढंच, ते अक्षर निल्दानेच हात धरून शिकवलेलं होतं. आत पानं चांगली जाडजूड.

हक्काचं आहे, आई आहे ती, असं निल्दाने स्वतःला सांगितलं. रात्रभर सांगितलं, होडीत सांगितलं. फॉर्मवर रोदिंगने स्वतःच्या हाताने भरलं होतं: लुझविमिंदा, अपत्य, जोवेलिन. निल्दा, अपत्य, नाही. ते "नाही" वाचूनही ती काही बोलली नव्हती. पण आज तिला एका गोष्टीची लाज वाटत होती, आणि ती गोष्ट अशी की दुबईच्या कराराचं तिला माहीत होतं आणि मनांगने सही करावी असं तिला वाटत होतं. पाच महिन्यांपूर्वी लुझ आली तेव्हापासून जोवी बोलताना आधी दोघींकडे बघते. रविवारी कुणाशेजारी बसावं याचा विचार करते. मनांग गेली तर पोरगी पुन्हा सरळ येऊन आपल्या शेजारी बसेल. सख्ख्या बहिणीबद्दल असं मनात यावं, आणि तेही शिबिरात प्रार्थना करताना!

ओसरीत रोदिंगने लुझला पाणी दिलं.

"मग? सापडलं?"

"काय?"

"अगं, तेच. वाक्य."

"जेवताना वाचतात ना?"

"हो हो, जेवताना. मी कुठे घाई करतोय." त्याने खिसा चाचपला. "तुझा चेहरा बघूनच कळतंय. उजळलाय. उजळलाय ना हो, तातय?"

"तिला होडी लागते लहानपणापासून," म्हातारा म्हणाला. "चेहरा त्याने झालाय तसा."

लुझने ग्लास खाली ठेवला. पत्र तिच्या ब्लाउजच्या आत होतं. काल संध्याकाळपासून तिथेच होतं.

पहिल्या दिवशी सिस्टर आम्पारोंनी सगळ्यांना आपलं आयुष्य कागदावर नदीसारखं काढायला सांगितलं होतं. लुझची नदी चार वर्षांच्या मुलीपासून निघाली आणि सरळ समुद्राला मिळाली, मधे काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी कार्डं वाटली. लुझने क्षणाचाही विचार न करता लिहिलं: मी माझ्या मुलीसाठी जगते. सिस्टरनी ते वाचलं, पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "हे मुलीचं झालं. तुमचं लिहा." आणि नवं कार्ड दिलं. लुझला राग आला. एकोणीस वर्षं दुसऱ्याच्या आईला न्हाऊमाखू घालायचं, स्वतःची पोर फोनच्या काचेत वाढताना बघायची, हे मग कुणासाठी होतं? याहून माझं काय असतं?

आणि त्याच संध्याकाळी पत्र आलं.

"मला पत्रं लिहिता येत नाहीत, म्हणून सुरुवात न करताच सुरू करते. मी आज जी काही आहे ती तुझ्या कष्टांमुळे आहे, आणि हे मी तुला एकदाही सांगितलं नाही." एवढं वाचूनच लुझच्या डोळ्यांतून धारा लागल्या. शेजारच्या बाईने तिला रुमाल दिला. मुलीला सगळं कळत होतं तर! सगळं पोचत होतं.

"डेंग्यू झाला तेव्हा तू तीन रात्री झोपली नव्हतीस." खरंच होतं. हाँगकाँगच्या त्या माळ्यावरच्या खोलीत ती तीन रात्री फोन कानाला लावून बसली होती. "शाळेच्या पहिल्या दिवशी मी रडू नये म्हणून तू सुटेपर्यंत खिडकीबाहेर उभी राहिलीस." शाळेच्या पहिल्या दिवशी लुझ तिथे नव्हती. पण त्याआधी एकदा चर्चच्या बालवाडीत पोरीला तीच तर घेऊन गेली होती. मुलांच्या आठवणी होतात इकडच्या तिकडे. असं करत करत लुझने अडीच पानं स्वतःच्या नावावर चढवली. मग ही ओळ आली:

"तू लग्न केलं नाहीस. तिओ रोदिंग म्हणतो, तुला एकाने विचारलं होतं आणि तू माझ्यासाठी नाही म्हणालीस. मी तुला कधी विचारलं नाही, कारण ते खरं निघालं तर मला फार जड होईल."

लुझचं लग्न याच गावच्या चर्चमध्ये झालं होतं. जोवी दोन वर्षांची असताना नवरा मासेमारीच्या बोटीसकट गेला होता. या ओळीला कुठूनही वाकवता येत नव्हतं.

जोवीने पाकिटावर फक्त स्वतःचं नाव घातलं, कारण तिला कोणी वाढवलं हे मियागावात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. पण मठातल्या बायका गिमारासच्या. त्यांनी फॉर्म पाहिला, मुलीचं नाव पाहिलं, आणि पत्र आईला दिलं. त्यांचं काय चुकलं?

लुझला निल्दाकडे तेव्हाच जाता आलं असतं. ती गेली नाही. एक रात्र, असं तिने ठरवलं. मग होडीत वाटलं, कशाला द्यायचं? निल्दाला हे सगळं पत्राशिवायही मिळालंय. रोजचं मिळालंय. माझ्याकडे दुसरं काय आहे? जोवी लाजाळू आहे, ती विचारणार नाही. निल्दा तर तोंडातून शब्द काढणार नाही. ठेवून घेतलं तर कुणालाही कळणार नाही.

ती उठली. "मीठ घेऊन येते टेबलावर," म्हणाली, आणि स्वयंपाकघरात आली.

तिने एक फडताळ उघडलं, मग दुसरं. मग खालचा खण.

"काय हवंय, मनांग?"

"मीठ."

"चुलीच्या मागे. निळ्या डब्यात." निल्दाने वळून न बघता सांगितलं. मग डाव हातात तसाच धरून म्हणाली, "पोरीचं पत्र आलं ना तुला?"

लुझने उघडा खण ढकलून बंद केला.

"मी पाहिलं. बरं झालं हो. तिला लिहिता येतं चांगलं. शाळेत निबंधाला बक्षीस मिळालं होतं, पाचवीत. का सहावीत." निल्दा भराभर बोलत होती. "मला नाही आलं. म्हणजे त्याचं काही नाही. मी रोज समोर असते, मला काय लिहायचं? समोरच्या माणसाला कोणी पत्र लिहितं का? तू मात्र..." आणि तिचा आवाज फुटला. "एक ओळ वाचून दाखवशील? कुठलीही. तिने कसं लिहिलंय तेवढंच ऐकू दे मला."

लुझने ब्लाउजमधून पानं काढली. तिला वाटलं, पहिली ओळ वाचावी आणि घडी करावी. पहिली ओळ कुणाचीही असू शकते.

तिने पहिली वाचली. निल्दाने मान डोलावली आणि डोळे पुसले. "हो, अगदी तिचंच बोलणं."

मग लुझने पान उलटलं, आणखी एक उलटलं, आणि मोठ्याने वाचलं, "तू लग्न केलं नाहीस. तिओ रोदिंग म्हणतो, तुला एकाने विचारलं होतं..."

डाव पातेल्यात पडला. रश्शाचे शिंतोडे निल्दाच्या हातावर उडाले तरी तिला ते कळलं नाही.

"हे तुझं आहे, निल्दा," लुझ म्हणाली. "मठातल्या बायकांनी चुकून मला दिलं. आणि मी चुकून ठेवून घेतलं नाही, मला कळलं होतं. काल रात्रीच कळलं होतं. तरी ठेवलं. फार हवं होतं मला हे."

निल्दाने पानं घेतली नाहीत. तिने आधी बहिणीला मिठी मारली. मग दोघीही रडल्या, आवाज न करता, कारण ओसरीत रोदिंग होता.

जोवी पाणी भरायला आली होती आणि दारात अडकली होती. आपलं पत्र कुठे फिरत होतं, हे तिला आत्ता उमगलं. मम्मीने ते सगळं वाचलं होतं. डेंग्यू, खिडकी, पहिली पाळी आली तेव्हा नानय हसली नाही ते, सगळं.

"मम्मी," ती म्हणाली. "मी तुलाही लिहायला घेतलं होतं."

"असू दे गं."

"नाही, ऐक ना. खरंच घेतलं होतं. चार कागद फाडले. 'मम्मी' लिहायचे आणि पुढे सुचायचंच नाही. कष्ट केलेस, थँक्यू, एवढं लिहिलं तर ते तिओ रोदिंगच्या छापील कार्डासारखं वाटायला लागलं." तिला रडू येत होतं आणि स्वतःचा रागही येत होता. "मला तुझ्याबद्दल काही माहीतच नाही. फोनवर तूच विचारायचीस, जेवलीस का, अभ्यास झाला का. मी कधी काही विचारलंच नाही. तुला काय आवडतं हेपण मला माहीत नाही."

लुझने मिठाच्या डब्याकडे हात नेला.

"मलाही नाही," ती म्हणाली.

हे वाक्य तोंडातून निघालं आणि ती स्वतःच दचकली. तिने घाईघाईने निळा डबा उचलला आणि बाहेर गेली.

रोदिंगने जेवणाआधीची प्रार्थना जरा लांबवलीच. प्रभूचे आभार, सिस्टर आम्पारोंचे आभार, परदेशी राबणाऱ्या सगळ्यांना बळ दे, त्यांच्या मनातल्या शंका दूर कर. "कोंबडी गार होतेय, तिचीही शंका दूर कर," तातय पुटपुटला. आमेन झालं.

"चला, लुझ. आता तुझं कार्ड."

लुझने पिशवीतून कार्ड काढलं आणि टेबलावर ठेवलं. रोदिंगने ते उलटंसुलटं करून पाहिलं.

"हे तर कोरं आहे."

"हो."

"तीन दिवसांत एक वाक्य नाही लिहिता आलं?"

"एक लिहिलं होतं. पण ते काम निल्दाने करून टाकलंय, मनोंग. मी नसताना. फार चांगलं केलंय." थोरल्या भावाशी बोलताना तिचा आवाज शांत होता, डोळे मात्र भरले होते. "मला वाटायचं, परत येईन तेव्हा पोर माझी वाट बघत असेल. ती कशाला बघेल वाट? तिची आई रोज तिच्याजवळच होती."

जोवीने मान खाली घातली.

"बरं, हे सगळं मनाचं झालं," रोदिंगने घसा साफ केला आणि खिशातून कागद काढला. "मन कामात घातलं की ताळ्यावर येतं. बघ, माणसं चांगली आहेत. एकच म्हातारी, स्वतंत्र खोली. उद्यापर्यंत सही हवीय. दोन वर्षांचा तर प्रश्न आहे. निल्दा, तू सांग तिला. तू पण म्हणत होतीस ना, तिने गेलेलं बरं?"

निल्दाचा चेहरा पांढराफटक पडला. लुझने तिच्याकडे पाहिलं, आणि त्या बघण्यात राग नव्हता, त्यामुळे निल्दाला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"म्हणत होते," ती म्हणाली. "तोंड जळो माझं. मनांग कुठे जाणार नाही."

"अगं, पण पोराचं शेवटचं वर्ष..."

"तुझा पोरगा तुझा आहे, मनोंग. तू सांभाळ. मी माझ्या मागावरून काय निघेल ते देईन. पण ही या घरात राहील. तिला अजून मिठाचा डबा कुठे असतो ते माहीत नाही. पाच महिने ती पाहुणी म्हणून राहिलीय आणि मी राहू दिलं." तिने हात पुढे केला. "आण तो कागद."

"वेडी आहेस का? करार आहे तो!"

"दे तिला, रोदिंग," तातय म्हणाला. तो क्वचितच मुलाला नावाने हाक मारायचा. "आणि बस. जेव."

रोदिंग बसला. कागद त्याने दिला नाही, परत खिशात ठेवला. पण त्यावर तो पुन्हा बोलला नाही. ताटाकडे बघत मात्र त्याने विचारलं, आणि विचारताना त्याच्या आवाजात कुरकुरीपेक्षा काळजीच जास्त होती, "मग करणार काय गं तू? त्रेपन्नची झालीस."

"माहीत नाही," लुझ म्हणाली. "खरंच माहीत नाही, मनोंग. मला भीती वाटते."

जोवी निल्दाशेजारी बसली होती. ती उठली, भाताची दोन भांडी घेतली, एक वाफाळतं, एक सकाळचं, आणि लुझच्या खुर्चीजवळ येऊन उभी राहिली.

"मम्मी, तुला भात गरम आवडतो की गार?"

सोपा प्रश्न होता. हाँगकाँगच्या म्हातारीला पेज किती पातळ लागायची, सोमवारी अंडं किती मिनिटं उकडायचं, गुरुवारी का नाही, हे लुझला झोपेतून उठवलं तरी सांगता आलं असतं. रोदिंगला भात मोकळा लागतो, तातयला मऊ. ती आठवत राहिली. माळ्यावरच्या खोलीत ती काय खायची? जे उरेल ते. गरम असेल तर गरम. त्याआधी? लग्न झालं तेव्हा? आई होती तेव्हा? टेबलाशी सगळे थांबले होते. तातयने उचललेला घाससुद्धा खाली ठेवला.

"दोन्ही वाढ," लुझ शेवटी म्हणाली. "खाऊन सांगते."